न विचारलेला पासवर्ड

चूक मामाची होती. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात असल्या गोष्टी सांगताना शेवटी सगळे माना हलवून म्हणतात, ‘कुणाचं काही चुकलं नाही, वेळच तशी होती.’ वेळेला काही झालं नव्हतं. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. चूक माझ्या सख्ख्या मामाची होती आणि ती त्याने तीन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

मामा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. मी त्याच्या हाताखाली. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा घरच्या मोठ्यांनी मला मेल्यात जमा केलं होतं. बाबा सहा महिने बोलले नाहीत. मामाने नोकरी दिली खरी, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हा आमचा अर्धवट इंजिनीअर’ अशी ओळख करून द्यायचा आणि स्वतःच हसायचा. एकट्या आत्याने विषय एका वाक्यात संपवला होता. “तुला राहायला खोली हवीय, जेवायला हवंय, की दोन्ही?” मी म्हणालो, दोन्ही. तेव्हापासून मी तिच्याकडे राहतो.

आत्याला कमी ऐकू येतं, आणि गेल्या वर्षापासून तिच्या हृदयाचे ठोके मधूनच मंदावतात. तिच्या पलंगाशी एक डबा आहे. वहीएवढा, पांढरा, वर एक हिरवा दिवा. छातीवर चिकटवलेल्या पट्टीकडून तो ठोके घेतो आणि आमच्या हॉस्पिटलला पाठवतो. असे चाळीस डबे शहरभर आहेत. कुणाचे ठोके बिघडले की तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यावर लाल रेघ उमटते आणि सिस्टर अँब्युलन्स पाठवतात. डबा स्वतः ओरडत नाही. तो फक्त सांगतो, आणि तेही ओळखीच्या सर्व्हरलाच.

ही ओळख म्हणजे सर्टिफिकेट. सर्व्हर ते दाखवतो, आणि ते आपलंच आहे हे एका गुप्त किल्लीने सिद्ध करतो. आमच्या डब्यांमध्ये या एकाच किल्लीची खूण कायमची कोरलेली. नवं सर्टिफिकेट काढायला दहा मिनिटं पुरतात, पण ते नव्या किल्लीचं असलं की डबे तोंड फिरवतात. मग चाळीस घरी जाऊन एकेक डबा उघडून बसायचं. चार दिवसांचं काम.

सोमवारी संध्याकाळी जुना सर्व्हर बसला, तो पुन्हा उठला नाही. नवा महिनाभर शेजारी तयार उभा होता. त्यावर किल्ली न्यायची तेवढी राहिली होती आणि मामा रोज म्हणायचा, “बघू रे पुढच्या आठवड्यात.”

तरी एक वाट उरली होती. कपाटात एक पेनड्राइव्ह होता, आणि त्यावर किल्ली-सर्टिफिकेटची एक सीलबंद फाइल. तीन वर्षांपूर्वी जुन्या सर्व्हरमधून काढून ठेवलेली. नव्या सर्व्हरला अशी एकत्र बांधलेली फाइल कळत नाही. त्याला किल्ली वेगळी, सर्टिफिकेट वेगळं, ते देणाऱ्यांची साखळी वेगळी, अशा तीन साध्या फाइली लागतात. हे रूपांतर एका ओळीच्या कमांडचं आहे, मी झोपेतही करीन. फक्त सील फोडायला ती कमांड पासवर्ड मागते.

पासवर्ड मास्तरांना माहीत होता. मास्तर मेले होते.

मास्तर म्हणजे मामाच्या आधी ती खोली सांभाळणारे गृहस्थ. हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना कॉम्प्युटर त्यांनी शिकवला, म्हणून मास्तर. मी त्यांना पाहिलेलं नाही. टाइप करायचे दोनच बोटांनी, उजव्या हाताच्या, आणि इतकं सावकाश की लोक वैतागायचे. मामाने वर जाऊन सांगितलं की म्हाताऱ्याला आता झेपत नाही, आणि त्यांची खुर्ची मिळवली. आल्याबरोबर दारावर एक नियम चिकटवला. अजून आहे तो तिथे, मामाच्या सहीसकट: ‘कोणताही पासवर्ड कागदावर लिहू नये. संबंधिताने समक्ष विचारून घ्यावा.’

मास्तरांनी जाताजाता नियम पाळला. लिहिला नाही.

आमची ती खोली तळघरात आहे, चादरींच्या कोठाराच्या पुढे, बोळाच्या टोकाला. खिडकी नाही. वर भरदुपार असो, खाली वेळच नसते. एरवी जुन्या सर्व्हरचे पंखे दिवसरात्र घोंघावायचे, त्यामुळे ती कधी रिकामी वाटत नसे. त्या मंगळवारी तो घोंघाट नव्हता. ट्यूबलाइटची बारीक कुणकुण, नव्या सर्व्हरचा नाकातल्या नाकात श्वास, आणि जळक्या धुळीचा वास. मी दार लावून घेतलं आणि मास्तरांच्या टेबलाशी बसलो. कीबोर्डही त्यांचाच. त्याची अक्षरं कधीच पुसून गेली होती. नुसत्या पिवळट कोऱ्या कळा. मला सवय होती, बोटांना जागा माहीत होत्या.

कमांड दिली. पासवर्ड टाका, म्हणाली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. ही कमांड पासवर्ड घेते तेव्हा पडद्यावर काही उमटत नाही. अक्षर नाही, टिंब नाही, चांदणी नाही. तुम्ही टाइप करत राहायचं आणि पडदा मख्खासारखा बघत राहतो. चुकलात तर ती म्हणते, ‘पासवर्ड चुकीचा?’ अगदी प्रश्नचिन्ह लावून. जणू तिलाही खात्री नाही.

हॉस्पिटलचं नाव. चुकीचा? उलटं नाव. चुकीचा? मास्तरांची जन्मतारीख, त्यांच्या स्कूटरचा नंबर, मामाला शिवी. चुकीचा? चुकीचा? चुकीचा? शब्दांमागून शब्द घालून बघणारा प्रोग्राम सकाळपासून दुसऱ्या मशीनवर लावला होता. त्याच्या हिशोबाने अजून दोनशे वर्षं लागणार होती.

बारा वाजून गेले असतील. मी पुन्हा कमांड दिली आणि कपाटात काही चिठ्ठीचपाटी सापडते का बघायला उठलो. पाठ टेबलाकडे होती.

टक.

मी हात थांबवला. पाइपातून थेंब पडला असेल...

टक... टक.

कळ दाबल्याचा आवाज होता तो. तो आवाज मला आईच्या आवाजाइतका ओळखता येतो. सावकाश. एक कळ, मग शोधल्यासारखा थांबा, मग दुसरी. मी वळलो. खुर्ची रिकामी. पडद्यावर पासवर्डची ओळ, पुढे काही नाही, पण तिथे काही दिसणारच नव्हतं. कुणी काही लिहिलंय की नाही, हे विचारायची सोयच नव्हती. आणि वास बदलला होता. जळक्या धुळीच्या जागी मलमाचा वास, डोळ्यांत झोंबणारा, म्हातारे लोक मानेला चोळतात तसला.

मी एंटर दाबलं. का, कुणास ठाऊक.

‘पासवर्ड चुकीचा?’

तीनच अक्षरं आली होती ना. सांगायला सुरुवात केली आणि मध्येच कुणी थांबलं होतं.

मी घाबरट नाही. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मी धावलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या मजल्यावर मोठ्या सिस्टर फोनला चिकटल्या होत्या. सर्व्हर बसल्यापासून दर तासाला चाळीस घरी फोन करून ‘बरं आहे ना’ विचारायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांच्यामागचा पडदा राखाडी होता, चाळीस रिकामे चौकोन.

“आत्याचं काय?” मी विचारलं.

“तिला फोन ऐकू येतोय होय? शेजारणीला पाठवलं. झोपमोड नको म्हणून खिडकीतूनच बघून आली. गाढ झोपलीय म्हणे.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तुझा चेहरा का असा? भूत बघितल्यासारखा?”

“मास्तर मानेला मलम लावायचे का हो?”

त्यांनी फोन खाली ठेवला.

“याच मजल्यावर गेले ते. कोपऱ्यातली खाट. तीन आठवडे होते. मलम मीच चोळायचे.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “रोज विचारायचे, आला का तो? तुझा मामा. ‘त्याला पाठवा, सिस्टर, एक सांगायचं राहिलंय.’ मी म्हटलं, मला सांगा, मी लिहून घेते. तर म्हणाले, ‘लिहायचं नाही. नियम आहे. त्याने येऊन विचारलं पाहिजे.’”

“तुम्ही मामाला सांगितलं नाही?”

“चार वेळा. पहिल्यांदा म्हणाला मीटिंग आहे. चौथ्यांदा म्हणाला, ‘म्हाताऱ्याला सांगा, मला त्याच्याकडून शिकण्यासारखं काही राहिलेलं नाही.’” त्यांनी फोन पुन्हा उचलला. “ते मी नाही सांगितलं त्यांना. म्हटलं, येतोय, वाटेत आहे.”

म्हणजे एक मरणारा माणूस तीन आठवडे दाराकडे बघत पडला होता, आणि दोन मजले खाली माझा मामा खुर्चीत बसून कॉफी पीत होता. आणि आम्हाला शिकवतात, मोठ्यांचा मान ठेवा.

मामा त्याच्या केबिनमध्ये फोनवर कुणाला तरी ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ असं सांगत होता. मी फोन कापला.

“अरे ए! डोकं ठिकाणावर आहे का?”

“खाली चल.”

“पासवर्ड मिळाला?”

“नाही. तू विचारायचा राहिलाय.”

तो समजला नाही. किंवा समजला असेल, कारण जिन्यात एकदम गप्प झाला. मी चालताचालता सिस्टरचं सगळं बोलणं त्याच्या तोंडावर फेकलं. मला भुताखेताचं काही करायचं नव्हतं. खरं सांगतो, मला त्याचा अपमान करायचा होता. त्या खोलीत उभा करून, त्या खुर्चीसमोर, त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायचं होतं. एवढंच डोक्यात होतं.

खोलीत मलमाचा वास तसाच होता. मामा उंबऱ्यात थबकला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने तो वास ओळखला होता.

“ही कसली थेरं...” तो पुटपुटला.

“बस.”

“मामाशी बोलतोयस तू.”

“माहीत आहे. बस. आत्याच्या छातीला पट्टी लावलेली आहे आणि तिचे ठोके कालपासून कुणी ऐकलेले नाहीत. बस आणि विचार.”

“कुणाला विचारू? खुर्चीला?”

“जो तीन आठवडे वाट बघत होता त्याला.”

तो हसायला गेला. हसू आलं नाही. तो खुर्चीच्या कडेवर टेकला, परक्याच्या घरी टेकावं तसा. मी वाकून कमांड दिली. पासवर्ड टाका. ट्यूबलाइट एकदा लपलपली आणि स्थिर झाली. मामाने घसा खाकरला. पन्नाशीचा माणूस, वर्गात उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

“मास्तर...”

काही नाही. नव्या सर्व्हरचा श्वास.

“मास्तर, मी आलो नाही. मला... मला लाज वाटत होती. तुमची खुर्ची घेतली होती मी. तोंड कसं दाखवणार.” त्याचा आवाज फाटला. हे मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं, त्याला माज होता. “चुकलो. आता विचारतोय. सांगाल का?”

त्याचा उजवा हात मांडीवर होता. तो उचलला गेला. हात उचलताना माणसाचा खांदा हलतो. त्याचा खांदा हलला नाही. हात कीबोर्डवर आला, तर्जनी आणि मधलं बोट ताठ झालं, बाकीची तीन मिटली.

टक.

“मी नाही करत रे हे,” मामा कुजबुजला.

टक... टक... एक कळ, थांबा, दुसरी. मामा दोन्ही हातांची दहा बोटं वापरणारा माणूस, त्याला त्या वेगाचा अभिमान. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तोंडातून वाफ निघत होती. एसी कालपासून बंद होता.

“गार पडलीत... बोटं... ओढ मला मागे.”

मी त्याचे खांदे धरले. ओढलं नाही. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय: मला ओढता आलं असतं. पण मी कळा मोजत होतो. नऊ. दहा. मध्येच लांबलचक थांबा, जणू बोट नियम आठवून बघतंय. अकरा... चौदा. कुठल्या कळा ते मी डोळे फाडून बघत होतो, तरी आज तुम्हाला एक अक्षर सांगता येणार नाही. त्या कोऱ्या कळांवर ती बोटं आधीच्या कुठल्यातरी जागा शोधत फिरत होती.

मग मधलं बोट सावकाश सरकलं आणि एंटरवर पडलं.

आमच्या कामात यंत्र काहीच बोललं नाही तर समजायचं, झालं. ते काहीच बोललं नाही. नुसती पुढची कोरी ओळ आली. मी फोल्डर उघडलं. तीन फाइली. किल्ली, सर्टिफिकेट, साखळी. किल्ली आणि सर्टिफिकेट एकमेकांचे आहेत का ते तपासलं, होते. मामाचा हात धप्पकन मांडीवर पडला. मलमाचा वास दाराच्या फटीतून गेल्यासारखा हळूहळू कमी झाला.

मामा रडत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण हातात काम होतं. फाइली नव्या सर्व्हरवर नेल्या, जागच्या जागी ठेवल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला. वाट बघितली. माझ्या स्वतःच्या छातीतले ठोके कानात वाजत होते.

पहिला डबा दहा सेकंदांत आला. ‘तू कोण?’ सर्व्हरने दाखवलं. डब्याने ओळखलं. मग दुसरा. मग एकदम सहा. नोंदींच्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या, आणि वर तिसऱ्या मजल्यावर चौकोन हिरवे होत चालले असणार. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही.

आत्याचा डबा एकतिसावा आला. आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला.

“तुझी आत्या,” सिस्टर म्हणाल्या. “लाल. मिनिटाला अठ्ठावीस ठोके. झोपलेली नाहीये ती. गाडी निघाली.”

मी जिना कसा चढलो ठाऊक नाही. गाडीवरच्या माणसांनी शेजारणीकडची चावी घेतली, दार उघडलं, आत्याला उचललं. अर्धा तास आणखी गेला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. संध्याकाळी तिला ठोके सांभाळणारं छोटं यंत्र बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, “जेवलास का? आणि इतका गबाळा काय दिसतोयस?” मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो की जेवलो. नव्हतो जेवलो.

त्या आठवड्यात मामाने दारावरचा नियम स्वतः फाडायला घेतला. मी म्हटलं, राहू दे, त्याच्याखाली दुसरा लाव. आता किल्लीची नवी सीलबंद फाइल आहे, नवा पासवर्ड आहे आणि तो दोन पाकिटांत आहे. एक तिजोरीत, एक मोठ्या सिस्टरांकडे. नव्याने लागलेल्या पोरीला मामा रूपांतराची कमांड शेजारी बसून शिकवतो. ती सतरा प्रश्न विचारते. तो सतरा उत्तरं देतो. मला ‘अर्धवट’ म्हणत नाही. मी पुढच्या वर्षी उरलेल्या परीक्षा देईन, असं आत्याला कबूल करून बसलोय; बघू.

जुनी फाइल मी पुसून टाकायला हवी होती. पुसली नाही. परवा पुन्हा उघडून बघायला गेलो, तर कमांडने पासवर्ड मागितलाच नाही. तीन फाइली सरळ पुढ्यात ठेवल्या. सीलबंद फाइलीचं असं होत नसतं. होऊच शकत नाही. मी तो पेनड्राइव्ह कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मामाच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट त्या दिवसापासून गार आहेत. तीन डॉक्टरांनी तपासलं. नस ठीक, रक्त ठीक, पण बोटं वाकत नाहीत आणि सुई टोचली तरी त्याला कळत नाही. मामी म्हणते, कधी कधी तो गाढ झोपलेला असताना ती उशीवर हलतात, एक, थांबा, दुसरं, आणि ती मोजायला लागली की थांबतात.

मामाला हे सगळं दोन बोटांना पडलं.